उपवासानं पेशी स्वतःची सफाई करतात आणि गेलेलं ऐकू परत येतं म्हणे, खरं आहे का?

वडगावचा_पोरगा:

नमस्कार मंडळी, आप्पांच्या कानाबद्दल विचारायचंय. आप्पा म्हणजे माझे वडील, वय ६८, सगळी हयात बेळगावच्या वडगावात पॉवरलूमवर गेली, धोट्याचा माग. शेडमध्ये कधी गेला असाल तर माहीतच असेल, आत पाय ठेवला की शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकायला येत नाही, सगळा कारभार हाताच्या खुणांवर आणि एकमेकांच्या ओठांकडं बघून. आप्पा घरीबी अजून तसंच करतात, कोण बोलायला लागलं की आधी तोंडाकडं बघतात. कोरोनात सगळ्यांनी मास्क लावले तवा आम्हाला कळलं की यांना कानानं फारसं काय कळतच नव्हतं, सगळं ओठ वाचून चाललंवतं.

आता टीव्ही एवढा मोठा लागतो की गल्लीत ऐकू जातो, आणि तरी म्हणतात आवाज येतोय पण काय बोलालेत ते समजत नाही. आई "सहा वाजले" म्हणाली की "दहा वाजले?" म्हणून विचारतात. कानात सतत सूंऽऽ असा आवाज येतो ते वेगळंच.

मूळ मुद्दा असा की आमच्या भावोजींनी एक व्हिडिओ पाठवलाय, ऑटोफॅजी म्हणून. त्यात सांगालेत की १८ तास पोट रिकामं ठेवलं की पेशी स्वतःचा कचरा स्वतः खातात, कानातल्या खराब पेशी साफ होऊन नव्या येतात आणि बहिरेपण जातं, आणि याला नोबेल मिळालंय. आप्पांनी लगेच मनावर घेतलं. रात्री सातला जेवतात ते थेट दुसऱ्या दिवशी दुपारी एकलाच, मधी नुसतं पाणी. आणि शुगरच्या गोळ्या चालूच आहेत. परवा अकराच्या सुमाराला त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, आईनं गूळपाणी दिलं तवा कुठं बरं वाटलं. तरी म्हणतात शरीर कचरा बाहेर काढतंय म्हणून तसं होतंय.

मला दोन गोष्टी कळायला पाहिजेत. ही पेशींची सफाई खरंच असते का, आणि असली तर कानाला तिचा उपयोग होतो का. कोणाला खरी माहिती असेल तर सांगा, नुसतं "काय होत नाही" किंवा "सगळं थोतांड आहे" असं नको, आप्पांना पटेल असं काहीतरी पाहिजे.

येळ्ळूरचा_माळकरी:

राम कृष्ण हरी. दादा, मी बऱ्याच वर्षांपासून एकादशी धरतो, वारीलापण जातो, अंग हलकं होतं हा माझा अनुभव आहे. पेशींची सफाई हे खरं आहे, जपानच्या शास्त्रज्ञाला त्याबद्दल नोबेल मिळालंय हे पण खरं. आपल्या पूर्वजांनी उपवास उगाच सांगितलेला नाही. पण कान परत आलेला माणूस मी अजून बघितलेला नाही, तेवढं प्रामाणिकपणे सांगतो. आणि शुगरवाल्यानं निर्जळी किंवा कडक उपवास करू नये, आमच्या दिंडीतपण विणेकरी काका शुगरचे आहेत, त्यांना फराळ वेळच्या वेळी घ्यायलाच लावतो.

खानापूरची_लेक:

मी मूळची खानापूरची, सध्या बंगळूरला पेशीजीवशास्त्रात काम करते. हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे म्हणून जरा लांब लिहिते, वेळ असेल तेव्हा वाचा.

नोबेलचं आधी सांगते, कारण व्हिडिओवाले तिथूनच विश्वास मिळवतात. २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल योशिनोरी ओसुमी यांना मिळालं हे बरोबर. पण ते माणसांच्या उपवासाला मिळालेलं नाही आणि त्यात कानाचा तर काहीच संबंध नव्हता. त्यांनी काम केलं यीस्टवर, म्हणजे पाव फुगवायला वापरतो ते. यीस्टच्या पेशीत एक मोठी पिशवी असते, त्यात नको असलेला माल विरघळवला जातो. ओसुमींनी असं यीस्ट घेतलं की ज्याच्यात विरघळवणारी एन्झाइम्सच नाहीत, आणि ते उपाशी ठेवलं. काही तासांत ती पिशवी बारीक बारीक गोळ्यांनी गच्च भरली, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतील एवढी. माल येतोय, पण विरघळत नाहीये! मग कुठली जीन्स बिघडवली की हा माल यायचाच थांबतो हे १९९० च्या दशकात त्यांनी शोधून काढलं, आणि नंतर कळलं की त्याच जीन्सची भावंडं माणसाच्या पेशीतही आहेत. ऑटोफॅजी हे नाव त्याच्याही आधीचं, १९६३ चं, ख्रिश्चन द डूव्ह यांनी दिलेलं.

काम कसं चालतं ते बघा. पेशीत काही प्रोटीन्स वाकडी होतात, ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया जुने होऊन गळायला लागतात. अशा मालाभोवती दुहेरी पडद्याची एक पिशवी तयार होते, तोंड बंद होतं, मग ती लायसोझोमला जाऊन मिळते. लायसोझोममध्ये आम्लासारखं वातावरण आणि पचवणारी एन्झाइम्स असतात. माल विरघळतो आणि त्याचे सुटे भाग पेशी परत वापरते. पेशी उपाशी असली की हे वाढतं हे खरं आहे, पण उपाशी नसतानाही थोडं थोडं चालूच असतं, आणि पेशीवर ताण आला की वाढतं.

आता कान. आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली नळी असते, कॉक्लिया. तिच्यात ध्वनी ओळखणाऱ्या केसपेशी असतात, एका कानात साधारण १५,०००. आतल्या बाजूला एक रांग, बाहेरच्या बाजूला तीन रांगा. या पेशींच्या डोक्यावर केसांसारखे बारीक तंतू असतात, आवाजाच्या लहरीनं ते वाकले की मज्जातंतूला सिग्नल जातो. बाहेरच्या रांगांचं काम म्हणजे बारीक आवाज वाढवून देणं, आणि मोठ्या आवाजानं आधी त्याच मरतात.

मुख्य गोष्ट अशी की या पेशी जन्माला येताना जेवढ्या मिळाल्या तेवढ्याच. कातडीच्या पेशी रोज नव्या येतात, पोटातल्या अस्तराच्या येतात, कानातल्या केसपेशी माणसात परत येत नाहीत. (कोंबड्यांमध्ये येतात, हे १९८० च्या दशकात कळलं तेव्हापासून जगभर लोक त्याच्या मागं आहेत.) ज्या पेशी विभागत राहतात त्यांचा कचरा निम्मा निम्मा वाटला तरी जातो. केसपेशी विभागतच नाही, तिला ६०-७० वर्षं त्याच शरीरात काढायची असतात, म्हणून स्वतःची सफाई स्वतः करणं हाच तिच्यापुढं मार्ग. आप्पांना असं सांगून बघा: मागाखाली सुताची धूळ रोज साचते, ती रोज काढली तर माग चालतो, नाही काढली तर अडकतो, पण मागच मोडून भंगारात गेला असेल तर खालची जमीन कितीही झाडली तरी कापड निघणार नाही.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, प्रयोग झालेत. टोकियो विद्यापीठातल्या गटानं २०१७ मध्ये अशा उंदरांचा अभ्यास छापला की ज्यांच्या केसपेशीतलं सफाईला लागणारं एटीजी-५ नावाचं जीन काढून टाकलं होतं. पिल्लांच्या केसपेशी सुरुवातीला दिसायला ठीक होत्या, पण आत खराब प्रोटीनचे ढीग साचत गेले, दोन आठवड्यांत पेशी मोडायला लागल्या आणि उंदीर बहिरे निघाले. कोणी मोठा आवाज ऐकवला नव्हता, औषध दिलं नव्हतं, फक्त सफाई बंद होती. मला तरी याच्यापेक्षा स्पष्ट पुरावा माहीत नाही.

मोठ्या आवाजाचं बघायचं तर त्या वेळी केसपेशी जिवाच्या आकांतानं काम करते, मायटोकॉन्ड्रियातून घातक ऑक्सिजन रेणू बाहेर पडतात आणि ते आतलं सगळं जाळत सुटतात. अमेरिकेत साउथ कॅरोलायनाच्या गटानं २०१५ मध्ये दाखवलं की ज्या आवाजानं उंदरांचं ऐकणं तात्पुरतं कमी होऊन परत येतं, त्या आवाजानंतर बाहेरच्या केसपेशीत सफाई वाढते. कायमचं बहिरं करणाऱ्या जबर आवाजानंतर तशी वाढत नाही. रॅपामायसिन नावाच्या औषधानं सफाई आधीच वाढवली तर नुकसान कमी झालं, सफाई दाबली तर तात्पुरतं नुकसान कायमचं व्हायला लागलं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या क्रिस्टीन पेटी यांच्या गटानं पेजवाकिन नावाच्या प्रोटीनवर केलेलं काम तर मला फार आवडतं. आवाजानं पेशीतली पेरॉक्सिझोम नावाची अवयवं खराब होतात, ती ओळखून सफाईच्या पिशवीकडं पोचवायचं काम हे प्रोटीन करतं, २०१९ ला ते छापून आलं. ज्यांच्यात हे प्रोटीन जन्मतः बिघडलेलं असतं त्यांचे कान साध्या आवाजानंही खराब होऊ शकतात.

म्हणजे वडगावच्या दादा, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर हो असं आहे. सफाई खरी आहे आणि कानाला तिचा उपयोग आहे. पण ती जिवंत पेशीला वाचवते. मेलेल्या पेशीत सफाई करायला कोणी उरत नाही आणि तिच्या जागी नवी पेशी आणणं हे सफाईचं कामच नाही. व्हिडिओनं खऱ्या गोष्टीला हे खोटं शेपूट लावलंय, आणि मला राग येतो तो याचाच, कारण आप्पांसारखी माणसं खऱ्या भागावर विश्वास ठेवून खोट्या भागासाठी उपाशी बसतात.

उपवासाचं म्हणाल तर त्याच्या सगळ्यात जवळचा प्रयोग २०१० चा आहे. तरुणपणापासून कमी कॅलरीचं खाणं दिलेल्या उंदरांमध्ये म्हातारपणचं बहिरेपण टळलं. पण ते उंदीर तरुणपणापासून कमी खात होते, बहिरे झाल्यावर उपाशी ठेवून ऐकायला लागले असं नाही. आणि तिथं संशोधकांनी शोधलेलं कारण मायटोकॉन्ड्रियातलं सर्ट-३ नावाचं प्रोटीन होतं, ते घातक ऑक्सिजन रेणूंना तोंड द्यायची ताकद वाढवतं. ते प्रोटीन काढलं की कमी खाण्याचा फायदाही गेला. माणसानं १८ तास उपास केला म्हणून ऐकणं सुधारलं, असं कुठं दाखवलेलं नाही.

निपाणीची_ऑडिओलॉजिस्ट:

वरचं सगळं वाचलं, छान लिहिलंय. मी रोज कान तपासते म्हणून माझ्या बाजूचं सांगते.

पहिलं म्हणजे तो उपवास आजच थांबवा. शुगरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, तुम्ही जेवलात की नाही हे न बघता शुगर खाली ओढतात. घाम, थरथर, गूळपाण्यानं बरं वाटणं, ही शुगर खाली गेल्याची लक्षणं आहेत, कचरा बाहेर पडतोय असं काही नाही त्यात. अशा वेळी माणूस बेशुद्ध पडू शकतो. ज्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात त्यांना हे जसंच्या तसं सांगा. एकादशी धरायची असेल तर त्यांनाच विचारून गोळ्यांची वेळ बदलून घ्यायची.

दुसरं, आप्पांची ऑडिओमेट्री झालीये का? नसेल तर ती आधी. ईएनटी डॉक्टर कानात मळ आहे का, पडदा ठीक आहे का बघतील, मग हेडफोन लावून वेगवेगळे सूर ऐकवतात आणि कागदावर आलेख येतो. मागावर किंवा फाउंड्रीत काम केलेल्या माणसाच्या आलेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो, तो बघितला की कामाचं विचारावंसं वाटतंच. वय वाढलं की खड्ड्याच्या पुढचा भागही खाली येतो. खालचे जाड सूर बरे असतात म्हणून माणूस म्हणतो आवाज येतोय. पण स, श, च, ख, थ ही अक्षरं वरच्या सुरांत असतात, ती गळतात, म्हणून सहाचं दहा होतं. आप्पा जे सांगतात ते तंतोतंत खरं आहे, लक्ष देत नाहीत असं घरात कोणी म्हणू नका प्लीज. माझ्याकडं येणारी निम्मी म्हातारी माणसं त्याच बोलण्यानं खचलेली असतात.

शब्द न कळण्याचं आणखी एक कारण असतं. २००९ ला हार्वर्डच्या कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजानंतर ऐकायची पातळी पूर्ण परत आली तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जोड बरेचसे तुटलेले राहतात. आलेख चांगला दिसतो पण गर्दीत बोलणं कळत नाही. "रात्री डॉल्बीपुढं नाचलो, कानात दडे बसले, सकाळी मोकळे झाले, काय झालं नाही" असं पोरं म्हणतात ना, त्यांना हे सांगावंसं वाटतं.

आणि एक खास आपल्या भागाचं. आलेखानंतर स्पीच टेस्ट घेतात, शब्द ऐकवून परत म्हणायला लावतात. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी शब्दांची यादी कन्नडची असते. आप्पांची घरची भाषा मराठी असेल तर मराठी शब्द घ्या म्हणून स्पष्ट सांगा. बाजारापुरतं कन्नड येणाऱ्या माणसाला कन्नड शब्द चुकले म्हणून त्याच्या कानाचे मार्क कमी होतात, आणि त्यावरून कानाचं मशीन चालणार नाही असा निष्कर्ष निघू शकतो. मी दोन्ही भाषांत घेते, फरक बघून घरच्यांना नवल वाटतं.

अजून एक विचारायचंय. आप्पांना आधी कधी टीबी झालावता का, किंवा मोठ्या आजारात महिनाभर इंजेक्शनं घेतलीत का?

उद्यमबाग_शिफ्टवाला:

भावा आप्पास्नी उपाशी ठेवू नको पैलं. मी उद्यमबागला फाउंड्रीत हाय, फेटलिंगला म्हंजे ओतलेला माल घासून साफ करायला, ग्राइंडर दिवसभर. आमच्यातला एक जुना मिस्त्री असाच झाला, नातवाचं बोलणं कळंना म्हणून गप्प गप्प राहायला लागला, लोकं म्हणायची तऱ्हेवाईक झालाय. कारखान्याच्या नियमात ८ तासाला ९० डेसिबलची मर्यादा हाय आणि आवाजानं आलेलं बहिरेपण कामगार कायद्यातल्या आजारांच्या यादीत हाय, हे आमास्नी युनियनच्या माणसानं सांगितलं. पण वडगावच्या बारक्या शेडांस्नी हे कोण लावतंय? चार-सहा माग, घरातलीच माणसं. तुमच्यात अजून कोण मागावर असंल तर त्याच्या कानाचं बगा, आप्पांचं व्हायचं ते होऊन गेलं.

वडगावचा_पोरगा:

सगळ्यांचे मनापासून आभार. उपवास थांबवलाय, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सकाळची गोळी नाश्त्याशिवाय घ्यायची नाही म्हणून सांगितलं.

मॅडम, तुम्ही टीबीचं कसं काय ओळखलं? आप्पांना माझ्या जन्माआधी टीबी झालावता, आई म्हणते रोज इंजेक्शन घ्यायला सायकलवरून दवाखान्यात जायचे, स्ट्रेप्टोमायसिन. आणि अंधारात चालताना भिंत धरतात, ते आम्ही वयामुळं समजत होतो.

खानापूरच्या ताई, ते रॅपामायसिन औषध मिळतं का? भावोजी म्हणालेत उपवास नको तर गोळी घेऊया. आणि माझं स्वतःचं पण विचारतो, मी दुपारनंतर मागावर असतो आणि गणपतीत झांजपथकात वाजवतो, माझ्या कानातल्या पेशी वाचवायला काय करता येईल?

निपाणीची_ऑडिओलॉजिस्ट:

ओळखलं असं नाही, वयस्कर माणसाला हा प्रश्न मी विचारतेच. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन, कॅनामायसिन ही एका कुळातली औषधं, जीव वाचवतात पण आतल्या कानाला लागू शकतात. स्ट्रेप्टोमायसिन जास्त करून तोलाच्या अवयवाला लागतं, तिथंही अशाच केसपेशी असतात. दिवसा डोळ्यांच्या आधारानं निभावतं, अंधारात भिंत लागते. ईएनटीला हे आवर्जून सांगा आणि रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवा, पडले तर मांडीचं हाड मोडायला वेळ लागत नाही. काही घराण्यांत मायटोकॉन्ड्रियाच्या एका जीनमधल्या बदलामुळं या इंजेक्शनांनी कान फार लवकर जातो आणि तो बदल आईकडून मुलांना मिळतो. आप्पांच्या आईच्या बाजूला, भावंडांत कोणाचा कान इंजेक्शननंतर गेलाय का विचारून बघा.

मशीनचं सांगते. दोन्ही कान गेले असतील तर शक्यतो दोन्ही कानांना घ्या, आणि आलेखावरून ट्यून करून घ्या. रस्त्याकडेला किंवा ऑनलाइन मिळणारी आवाज वाढवायची डबी घेऊ नका, ती जाड-बारीक सगळंच वाढवते. पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा आवाज नको नको होतो, मेंदूला त्या आवाजांची सवय सुटलेली असते. बरीच माणसं इथंच मशीन कपाटात टाकतात. रोज थोडं थोडं वाढवत घालायला लावा, आधी घरात एका माणसाशी बोलताना. पैशाची अडचण असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून आणि गरीब ज्येष्ठांसाठी वयोश्री योजनेतून मशीन मिळतं. मोठी तपासणी लागली तर म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग आपल्याच राज्यात, कर्नाटकात आहे.

आणि हे सगळ्यांसाठी: एका कानाचं ऐकणं एकदम, एका दिवसात गेलं तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका. त्याला पहिल्या दिवसांतच स्टेरॉइड द्यावं लागतं, आठवडे गेले की हातातून जातं.

खानापूरची_लेक:

रॅपामायसिन अजिबात नको. ते किडनी बदललेल्या पेशंटना देतात, शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबतं. ज्यांना एकदा टीबी होऊन गेलाय अशा माणसाची प्रतिकारशक्ती कोणी आपल्या मनानं दाबायची म्हणजे झोपलेला टीबी उठवायला निमंत्रण. शुगरही वाढवू शकतं. उंदरांच्या प्रयोगात दिलेली गोष्ट आणि डॉक्टरनं माणसाला दिलेली गोष्ट यात खूप मोठं अंतर असतं, भावोजींना हे माझ्यातर्फे सांगा.

शिवाय आप्पांचं इंजेक्शनचं कळल्यावर अजून एक सांगायला पाहिजे. सफाई जेवढी जास्त तेवढं चांगलं, हे सुद्धा सरसकट खरं नाही. याच कुळातल्या निओमायसिनवर २०१७ ला चीनमधल्या गटानं दाखवलं की सफाई वाढवली तर केसपेशी वाचतात. उलट २०२२ ला अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातून आलं की ही औषधं पेशीत शिरल्यावर रायपॉर-२ नावाच्या प्रोटीनला धरतात, त्यामुळं सफाई नको तेव्हा नको तशी सुरू होते आणि पेशी मरते. ते प्रोटीन कमी केलेल्या उंदरांचे कान औषध देऊनही वाचले. म्हणजे एकाच कुळातली औषधं, एकीकडं सफाई तारतेय, एकीकडं मारतेय. कुठल्या पेशीत, कुठल्या वेळी, किती, यावर सगळं अवलंबून आहे, आणि म्हणूनच कानासाठी अजून कुठलीही "सफाईची गोळी" डॉक्टर लिहून देत नाहीत. यावर काम जोरात चाललंय, मला आशा पण आहे, पण आज ती दुकानात नाही.

तुमच्या कानाचं मात्र आज करण्यासारखं आहे. केसपेशीची स्वतःची सफाई चालूच असते, तिला पेलवेल एवढाच मार बसू दे आणि मधी शांतता मिळू दे. ८५ डेसिबलला ८ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, त्यावर दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. धोट्याच्या मागाची शेड ९० च्या वर सहज जाते. झांजा आणि ताशा कानाजवळ १०० च्या पुढं असतात आणि आपली बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. आधी माग आणि त्याच दिवशी पथकाचा सराव म्हणजे त्या पेशींना सावरायला रात्रच काय ती उरते. सरावाच्या दिवसांत मोबाइलचे हेडफोन तरी घालू नका. सिगारेट असेल तर सोडा, शुगर-बीपी तपासत राहा, कानाच्या आतल्या शिरा फार बारीक असतात.

येळ्ळूरचा_माळकरी:

ताई, रॅपामायसिनचं वाचून बरं झालं, आमच्या गावात पण एकानं तो व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय, तुमचं लिहिलेलं तसंच्या तसं तिथं टाकू का? एक शंका, आम्ही भजनात टाळ वाजवतो, बंद मंदिरात, त्याचं पण असंच का?

खानापूरची_लेक:

टाका की काका, बिनधास्त. टाळाचा आवाज नेमका वरच्या सुरांचा असतो आणि बंद मंदिरात तो भिंतींवरून परत येतो, त्यामुळं हो, टाळकऱ्यांनी पण काळजी घ्यावी. भजन सोडायची गरज नाही, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, स्पीकर टाळकऱ्यांच्या तोंडावर लावू नका, आणि भजनानंतर कानात सूं वाजत असेल तर दुसऱ्या दिवशी कानाला आराम द्या.

वडगावचा_पोरगा:

पुढच्या आठवड्यात ऑडिओमेट्री ठरली, मराठी शब्दांचं आधीच सांगून ठेवलंय. आप्पांना मागाखालच्या धुळीचं सांगितलं ते लगेच पटलं, म्हणाले मग शेडमधल्या पोरांना आधी सांग, त्यांचे माग अजून चालू आहेत. मी आणि शेजारच्या शेडमधले मिळून कानात घालायचं काहीतरी आणायचं म्हणतोय. आमच्यातले कापूस घालतात, तो चालतो का?

उद्यमबाग_शिफ्टवाला:

कापसानं कायबी होत न्हाई, आवाज आरपार येतोय. फोमचे बोळे घ्या, सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात डब्याच्या डबा मिळतोय, स्वस्त पडतंय. घालायची रीत शिकवा नायतर उपयोग न्हाई: बोळा बोटात वळून वातीगत बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरनं नेऊन कान वर आणि मागं ओढायचा, मग आत सारायचा आणि फुगोस्तवर बोटानं धरून ठेवायचा. बाहेर निम्मा लोंबत असला तर बसलेला न्हाई समजायचं. तेलकट हातानं वळू नका, मागावर हात तेलाचे असत्यात, आधी पुसून घ्या. आणि मळला की टाकून द्या, तोच तोच घालून कान फुटतोय. पैल्या दिवशी पोरं म्हणत्यात धागा तुटलेला ऐकू येत न्हाई, तुमच्यात तसं होईल का ते आप्पास्नी विचार, त्यास्नी मागाचा आवाज जास्त कळतोय.

वडगावचा_पोरगा:

विचारलं. आप्पा म्हणाले धागा तुटलेला कानानं कधीच कळत नव्हता, डोळ्यानंच बघावा लागतो, बोळे खुशाल घाला. शनिवारी उद्यमबागला येतो, दुकान कुठलं ते मेसेज कर.